घटांची राखण : तारयंत्रापासून टॉवरपर्यंत

मे महिन्याच्या अखेरीस वळवाची पहिली मोठी सर डोळखांब-किन्हवलीच्या बाजूला कोसळली, की पाठोपाठ वीज जाते. कुठे फांदी तारेवर पडलेली असते, कुठे खांबावरचा इन्सुलेटर फुटलेला असतो. घरातले दिवे गेले तरी हातातला मोबाइल फोन काही वेळ व्यवस्थित चालतो. तीन तास, चार तास, कधी सहा तास. मग मध्यरात्रीच्या सुमारास फोनवरच्या रेघा एकेक करून कमी होतात आणि शेवटी 'रेंज' नाहीशी होते. फोनची स्वतःची बॅटरी तोवर अर्धी भरलेली असली तरी तिचा काही उपयोग नसतो. अशा वेळी गावातले एखादे वडीलधारे गृहस्थ हमखास म्हणतात, ''पूर्वी असं नव्हतं. लाइट नसली तरी फोन चालायचा.''

या म्हणण्यात स्मरणरंजन किती आणि तथ्य किती, असा प्रश्न आम्हाला पडला. शोध घेऊ लागल्यावर असे दिसले, की शहापूर आणि मुरबाड या ठाणे जिल्ह्यातल्या दोन तालुक्यांपुरता जरी हा इतिहास पाहिला, तरी त्यात दीडशे वर्षांहून अधिक काळाचे रसायनशास्त्र भरले आहे. संदेशवहनाचा इतिहास सहसा यंत्रांच्या अंगाने सांगितला जातो : तार, मग टेलिफोन, मग मोबाइल. आपण तो यंत्रामागे ठेवलेल्या घटांच्या अंगाने पाहू. आणि घटांबरोबर, त्यांची राखण करणाऱ्या माणसाच्या अंगाने.

सुरुवात रेल्वेपासून करावी लागेल. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही गाडी धावली हे आपण मुलांना शिकवतो. त्यानंतर लोहमार्ग शहापूर तालुक्यात टप्प्याटप्प्याने शिरला. १८५५ मध्ये तो वासिंदपर्यंत आला, १८६० मध्ये आसनगावला आणि १८६१ च्या आरंभी कसाऱ्याला पोचला. पुढचा थळ घाट चढून इगतपुरी गाठायला १८६५ साल उजाडले. याच काळात देशात तारायंत्राचे जाळेही पसरत होते. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरने १८३९ मध्ये तारेचे पहिले प्रयोग केले होते. १८५४ च्या अखेरीस कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास ही शहरे तारेने जोडली गेली आणि फेब्रुवारी १८५५ पासून सामान्य माणसालाही तार करता येऊ लागली. मुरबाडला मात्र रेल्वे आली नाही.

तेव्हा वीज 'जाण्याचा' प्रश्नच नव्हता, कारण ती मुळी आलेलीच नव्हती. तारेला लागणारी वीज जागच्या जागी, काचेच्या किंवा मातीच्या भांड्यात तयार करावी लागे. भारतीय तारखात्यात मिनोटोचा घट फार वापरला जाई. तो डॅनिएलच्या १८३६ सालच्या घटाचाच एक साधा अवतार होता. भांड्याच्या तळाशी तांब्याची चकती, तिच्यावर मोरचुदाचे खडे, त्यावर वाळूचा किंवा लाकडाच्या भुशाचा ओला थर आणि सर्वांत वर जस्ताची चकती. अशा एका घटापासून एक व्होल्टहून थोडा अधिक दाब मिळतो. तार जितकी लांब तितके घट ओळीने जास्त जोडायचे. मोरचूद आणि जस्त दोन्ही बाजारात मिळणाऱ्या वस्तू, त्यामुळे शाळेच्या प्रयोगशाळेतही हा घट सहज बनवता येईल.

हे घट सांभाळणे मात्र रोजचे काम होते. पाणी उडून जाई, ते घालावे लागे. जस्त झिजे, ते बदलावे लागे. मोरचूद संपत आला, की तळाचा निळा रंग फिका पडे. घट किती शिल्लक आहे हे डोळ्यांना दिसत असे, ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढे तिचे काम पडणार आहे. शिवाय तारयंत्राची भूक फार लहान होती. किल्ली दाबली जाईल तेवढाच वेळ प्रवाह वाहायचा. संदेश नसेल तेव्हा घट जवळजवळ स्वस्थ बसत.

टेलिफोन आला तेव्हा घट आणखी एक पाऊल पुढे आले. ते थेट ग्राहकाच्या घरात शिरले. हाताने दांडी फिरवण्याचा जुना फोन बऱ्याच वाचकांनी निदान चित्रपटात पाहिला असेल. दांडी फिरवली की आतल्या लहान जनित्रातून समोरच्याची घंटी वाजवण्यापुरती वीज निघे, आणि बोलण्यासाठी फोनच्या पेटीत दोन कोरडे घट बसवलेले असत. घट उतरले की आवाज खोल जाई. मग तारमास्तर किंवा लाइनमन येऊन ते बदलून जाई. म्हणजे जितके फोन तितक्या ठिकाणी घट, आणि तितक्या फेऱ्या. ही कटकट टाळण्यासाठी १८९० च्या दशकात अमेरिकेत एक युक्ती निघाली : सगळ्या फोनना लागणारी वीज दूरध्वनी केंद्रातल्या एकाच मोठ्या बॅटरीतून, बोलण्याच्याच तारांवरून पुरवायची. आमच्या मते टेलिफोनच्या इतिहासात ग्रॅहम बेलच्या शोधाच्या खालोखाल महत्त्व या युक्तीला द्यायला हवे. पण पाठ्यपुस्तकांत तिला अर्धी ओळही मिळत नाही.

ही मोठी बॅटरी शिसे आणि आम्लाची. फ्रान्समध्ये गास्ताँ प्लाँते याने ती १८५९ मध्ये शोधली आणि १८८१ मध्ये फोर याने पत्र्यावर शिशाच्या संयुगाचा लेप देऊन तिची क्षमता वाढवली. मिनोटोच्या घटातले जस्त एकदा झिजले की संपले. शिशाचा घट मात्र उलट्या दिशेने वीज सोडून पुन्हा भरता येतो. वीज घेताना त्याच्या दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट साचते आणि आम्ल पातळ होत जाते. भरताना हीच क्रिया उलटी होते आणि आम्ल पुन्हा तीव्र होते. एका घटाचा दाब सुमारे दोन व्होल्ट. असे चोवीस घट ओळीने जोडले, की अठ्ठेचाळीस व्होल्ट होतात. हा दाब लांबच्या तारेतून प्रवाह ढकलायला पुरेसा आणि माणसाला धोका न होण्याइतका कमी. म्हणून जगभरच्या दूरध्वनी केंद्रांत अठ्ठेचाळीस व्होल्ट रुळले आणि आजच्या मोबाइल टॉवरच्या पायथ्याशीही बहुधा तेच सापडतात. आणखी एक गंमत. या बॅटरीचे धन टोक जमिनीला जोडलेले असते, ऋण नव्हे. जमिनीतल्या ओलाव्यामुळे तांब्याच्या तारेचे विद्युत-विघटन होऊन ती खाल्ली जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. विद्युत-विघटन शिकवताना हे उदाहरण वर्गात जरूर वापरावे.

आता त्या वडीलधाऱ्या गृहस्थांकडे वळू. त्यांच्या आठवणीतला फोन वीज गेल्यावर चालत असे, कारण त्याला गावच्या विजेशी काही देणेघेणेच नव्हते. त्याला लागणारा प्रवाह केंद्रातल्या बॅटरीतून येई, तोही रिसीव्हर उचलल्यावरच, आणि अँपिअरच्या काही शतांशांएवढाच. रिसीव्हर जागेवर असला की बॅटरीतून जवळजवळ काहीच जात नसे. गावच्या विजेचे काम फक्त ती बॅटरी भरलेली ठेवण्याचे होते.

महाविद्यालयात शिकत असताना आम्हाला अशा एका ग्रामीण केंद्राची बॅटरीची खोली पाहायला मिळाली होती. दार उघडताच आम्लाचा घशाला झोंबणारा वास आला. लाकडी घोडीवर हाताच्या कोपरापर्यंत उंचीचे घट दोन ओळींत मांडलेले होते. टेबलावर काचेचा हायड्रोमीटर, ऊर्ध्वपातित पाण्याचा कॅन आणि एक जाड, कोपरे दुमडलेले रजिस्टर. त्या रजिस्टरात 'पायलट सेल' म्हणून निवडलेल्या एका घटाचे विशिष्ट गुरुत्व आणि दाब रोज लिहिलेला होता. भरलेल्या घटाचे विशिष्ट गुरुत्व १.२० च्या थोडे वर, उतरलेल्याचे १.१५ च्या खाली. तिथले तंत्रज्ञ म्हणाले, ''आकडा सलग तीन दिवस घसरला, की मी विजेच्या ऑफिसात जाऊन बसतो.'' हे वाक्य आम्ही विसरलो नाही. बॅटरी, तिचे मापन आणि ते पाहून काहीतरी करणारा माणूस, हे तिन्ही त्या एका खोलीत होते.

या व्यवस्थेच्या मर्यादाही होत्याच. तालुक्याच्या गावी केंद्र असले तरी पाड्यापर्यंत तार नेणे महाग होते. वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी यांच्या विखुरलेल्या वस्त्यांना 'पूर्वीचा फोन' कधी भेटलाच नाही. म्हणून वडीलधाऱ्यांची ती आठवण अर्धीच खरी मानायला हवी. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने खेड्यांसाठी १२८ जोडण्यांचे छोटे स्वयंचलित केंद्र तयार केले. कर्नाटकातल्या कित्तूर येथे ते १९८६ मध्ये प्रथम सुरू झाले. त्याला वातानुकूलन लागत नव्हते, हा त्याचा मोठा गुण. पुढे, जिथे तार जात नाही तिथे रेडिओलहरींनी गावातला सार्वजनिक फोन जोडण्याची बहुग्राहक रेडिओ योजना आली. तिच्यात गावच्या टोकाला पुन्हा बॅटरी आली आणि ती भरायला बहुतेक ठिकाणी सौरपट्टी. राखणदार मात्र आला नाही. या योजनेतले फोन इतके वारंवार बंद पडू लागले, की पुढे ते बदलण्यासाठी सरकारला स्वतंत्र कार्यक्रम हाती घ्यावा लागला.

मोबाइल टॉवर आले आणि हे चित्र सगळीकडेच झाले. रानात, टेकडीवर, तारेच्या कुंपणात उभा असलेला टॉवर. जवळ एक पत्र्याची पेटी. आत रेक्टिफायर, म्हणजे प्रत्यावर्ती वीज एकदिश करणारे यंत्र, आणि बॅटरीचा संच. काही ठिकाणी डिझेलचे जनित्र. माणूस कोणी नाही. शिवाय भूकही बदलली. तार किल्ली दाबली तरच वीज घेई, जुना फोन उचलला तरच घेई. टॉवरला मात्र कोणी बोलत नसले तरी 'मी इथे आहे' हा संकेत अखंड प्रसारित करावा लागतो, नाहीतर फोनला तो सापडणार नाही. म्हणजे रात्री दोन वाजता सारे गाव झोपलेले असतानाही बॅटरी उतरतच असते.

थोडे गणित करू. समजा एका टॉवरचा भार १.२ किलोवॅट आहे. अठ्ठेचाळीस व्होल्टने भागले, तर प्रवाह २५ अँपिअर. बॅटरी ६०० अँपिअर-तासांची. चोवीस तास पुरायला हवी! पण शिशाची बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते. ऐंशी टक्के वापरली तरी एकोणीस तास मिळावेत. मग प्रत्यक्षात रेंज चार तासांत का जाते?

सर्वसाधारण समज असा, की एखाद्या मोठ्या वादळात वीज दोन दिवस जाते आणि बॅटरी मरते. खरे कारण बरेचदा याहून साधे असते : रोजची थोडी थोडी उपासमार. वीज आठ तास गेली तर २०० अँपिअर-तास खर्च झाले. ते भरून काढायला ६० अँपिअरने सव्वातीन तासांहून थोडा अधिक वेळ लागेल असे त्रैराशिक सांगते. पण शिशाचा घट भरत आला की प्रवाह कमी कमी घेऊ लागतो, आणि शेवटचा पाचवा हिस्सा भरायला पहिल्या चार हिश्श्यांहून अधिक वेळ लागू शकतो. पोटभर जेवलेल्याने शेवटचा घास सावकाश घ्यावा तसे. तेवढ्यात वीज पुन्हा गेली, तर तो हिस्सा राहूनच जातो. पट्ट्यांवरचे शिशाचे सल्फेट आधी मऊ आणि बारीक कणांचे असते. दिवसेंदिवस तसेच राहिले तर त्याचे मोठे, कठीण स्फटिक बनतात आणि ते मग विरघळायला तयार होत नाहीत. पट्टीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. सहाशेची बॅटरी पाचशेची होते, मग तीनशेची. पाटी मात्र ६०० चीच राहते.

२००५ नंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्राने भारनियमनाची काढली, ती आठवली तर त्या काळात किती बॅटऱ्या अशा उपासमारीने गेल्या असतील याची कल्पना येईल. भारनियमन नसतानाही एक अडचण उरतेच. लांबच्या खेड्यातल्या वाहिनीच्या टोकाला दाब २३० व्होल्टऐवजी १६०-१७० व्होल्ट भरतो. घरातला बल्ब मिणमिणत का होईना पेटतो. पण रेक्टिफायर ठरावीक मर्यादेखालच्या दाबाला स्वतःला तोडून घेतो. गावात वीज 'आहे' असे सगळे म्हणतात आणि टॉवर मात्र बॅटरीवर चालत असतो.

त्यात उष्णता. शिशाच्या बॅटरीचे तापमान दर आठ-दहा अंश सेल्सिअसने वाढले, की तिचे आयुष्य साधारण निम्मे होते. एप्रिलमध्ये मुरबाडला पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा उन्हातल्या पत्र्याच्या पेटीत काय होत असेल?

आता डोळ्यांना दिसण्याची ती जुनी गोष्ट. टॉवरवर हायड्रोमीटर चालत नाही, कारण बॅटरी सीलबंद असते. भरताना निघणारा ऑक्सिजन आतल्या आतच पुन्हा पाण्यात बदलेल अशी तिची रचना असते, त्यामुळे पाणी घालावे लागत नाही. 'देखभालमुक्त' हे तिचे विशेषण. आम्हाला ते फसवे वाटते. देखभाल करता येत नाही, असे म्हटले असते तर अधिक बरोबर झाले असते. मिनोटोच्या घटाचा निळा रंग दिसत होता, उघड्या घटाचे विशिष्ट गुरुत्व मोजता येत होते. सीलबंद पेटीचा नुसता दाब मोजला, तर निम्मी मेलेली बॅटरीही सकाळी ५४ व्होल्ट दाखवते. तिचा खरा कस तिच्यावर भार टाकून, घड्याळ लावून बसल्यावरच कळतो. त्यासाठी कोणीतरी तिथे चार तास बसायला हवे.

या सगळ्याने प्रत्यक्षात काय बिघडते? मुरबाड तालुक्यातले धसई हे गाव १ डिसेंबर २०१६ रोजी महाराष्ट्रातले पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले. नोटाबंदीला महिनाही झाला नव्हता. एका प्रतिष्ठानाने आणि बँकेने पुढाकार घेऊन दुकानादुकानांत कार्ड घासण्याची यंत्रे दिली, आणि वडापावही कार्डावर मिळू लागल्याच्या बातम्या झळकल्या. पुढे त्याच गावाविषयीच्या वृत्तांत वीज आणि नेटवर्क जाण्याच्या तक्रारी आल्या. यंत्रात स्वतःची बॅटरी होती, पण पैशाचा निरोप बँकेपर्यंत पोचायचा तर वाटेतल्या प्रत्येक पेटीतली बॅटरी जिवंत हवी. वडापावाचे पैसे रोख देता येतात. पावसाळ्याच्या रात्री भातखाचरात कोणाला घोणस चावली आणि १०८ क्रमांकाला फोन लागला नाही, तर त्याला रोखीसारखा पर्याय नाही.

शहापूर तालुक्यात देशातल्या मोठ्या 'बॅटऱ्यांपैकी' एक आहे, हे इथे सांगायला हवे. घाटघरचा उदंचन जलविद्युत प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला. त्याचे वरचे धरण अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात अकोले तालुक्यात आहे, आणि खालचे धरण शहापूर तालुक्यात चोंढे गावाजवळ. मागणी कमी असताना खालचे पाणी सुमारे ४०० मीटर वर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून २५० मेगावॅटपर्यंत वीज मिळवायची. चढवताना लागलेली वीज उतरताना पूर्ण परत मिळत नाही, अगदी शिशाच्या घटासारखेच. पण ही बॅटरी सगळ्या राज्याच्या जाळ्यासाठी आहे. खांब पडला, तर चोंढ्याच्या शेजारच्या पाड्यालाही तिची वीज मिळत नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी शेजारच्या भिवंडी तालुक्यातल्या पडघ्याहून कळव्याला जाणाऱ्या उच्चदाब वाहिन्या बंद पडल्या आणि मुंबई-ठाण्याची वीज काही तास गेली, तेव्हा देशभर बातमी झाली. डोळखांबला ती बातमी होण्यासारखी गोष्ट नव्हती.

गेल्या काही वर्षांत टॉवरवर लिथियमच्या बॅटऱ्या येऊ लागल्या आहेत. त्यांतला लोह-फॉस्फेटचा प्रकार जॉन गुडइनफ यांच्या गटाने १९९० च्या दशकात शोधला. गुडइनफ यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. ही बॅटरी अर्धवट भरलेली राहिली तरी शिशासारखी कठीण होत नाही, लवकर भरते आणि उष्णताही जास्त सोसते. म्हणजे उपासमारीच्या दुखण्यावर ती खरेच औषध आहे. मात्र आत किती शिल्लक आहे हे तिच्या दाबावरून जवळजवळ कळतच नाही, कारण भरलेली असो वा पाव उरलेली, दाब फारसा हलत नाही. आत-बाहेर गेलेला प्रवाह मोजणारे इलेक्ट्रॉनिक मंडल हाच तिचा हायड्रोमीटर. ते मंडल आपला हिशोब दूरच्या नियंत्रण कक्षाला कळवते, आणि तो निरोप जातो त्याच टॉवरवरून.

मध्यंतरी मुरबाड तालुक्यातल्या शिक्षकांशी बोलताना आम्ही एक साधा उपक्रम सुचवला होता, तो इथेही सांगतो. शाळेत एक वही ठेवावी. वीज गेल्याची वेळ, परत आल्याची वेळ आणि रेंज गेल्याची वेळ असे तीन रकाने. निरनिराळ्या पाड्यांवरून येणाऱ्या मुलांनी आपापल्या नोंदी आणाव्यात, म्हणजे कोणत्या टॉवरची बॅटरी किती तास टिकते हे वेगळे दिसेल. आदल्या दिवशी वीज किती तास होती हेही लिहिले, तर बॅटरी उपाशी होती की भरलेली, तेही कळेल. टॉवरची पेटी उघडायची किंवा कुंपणाच्या आत जायची गरज नाही आणि तसे करूही नये. एका शाळेने जून ते ऑक्टोबर अशा नोंदी ठेवल्या. जूनमध्ये त्यांच्या टेकडीवरचा टॉवर साडेपाच तास टिकत होता, ऑक्टोबरमध्ये साडेतीन. मुलांनी त्याचा आलेख काढला आणि मुख्याध्यापकांनी तो एका पत्रासोबत संबंधित कंपनीकडे पाठवला. आम्ही शेवटचे विचारले तेव्हा उत्तर आलेले नव्हते, आणि वहीत नोंदी चालू होत्या.